जलसंजीवनी घरोघरी

आरोग्यसेवा सर्वांपर्यंत पोहोचली पाहिजे असे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दवाखान्याची इमारत, डॉक्टर आणि औषधांचे कपाट उभे राहते. विकसनशील देशांत या तिन्ही गोष्टी अपुऱ्या आहेत, हे खरेच. परंतु काही आजार रुग्णाला दवाखान्यापर्यंत नेण्याइतकाही अवधी देत नाहीत. अतिसार हा त्यांपैकी एक होय. वारंवार होणाऱ्या जुलाबांवाटे शरीरातील पाणी आणि क्षार निघून जातात व लहान मूल काही तासांतच निपचित पडते. पटकीत, म्हणजेच कॉलऱ्यात, हे अधिकच वेगाने घडते.

अशा रुग्णाला वाचवण्याचा खात्रीचा मार्ग दीर्घकाळ एकच मानला जात होता : शिरेतून सलाईन देणे. त्यासाठी निर्जंतुक बाटल्या, सुया आणि प्रशिक्षित हात हवेत. नुसते पाणी पाजावे, तर आजारी आतड्यात ते पुरेसे शोषले जात नाही. या कोड्याचे उत्तर १९६० च्या दशकात मिळाले. मीठ आणि ग्लुकोज एकत्र असतील, तर आतड्याच्या भिंतीतून ती जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही ओढले जाते. कॉलऱ्यातही ही क्रिया चालू राहते. कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी मीठ-ग्लुकोजच्या पाण्याने रुग्ण बरे केल्याचे १९५३ मध्येच लिहिले होते. पण त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. १९६८ मध्ये ढाका येथे डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या डॉक्टरांनी हा उपचार प्रयोगाने सिद्ध केला. तरीही तो रुग्णालयातच, जाणकारांच्या देखरेखीखाली व्हावा, असे अनेक डॉक्टरांना वाटत होते.

ही समजूत एका संकटाने मोडली. १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालच्या सीमेवरील बनगाव येथे कॉलरा पसरला. रुग्णालयातील खाटा केव्हाच भरल्या. रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडले होते आणि सलाईन लावणाऱ्याला त्यांच्या मलमूत्रात गुडघे टेकून बसावे लागे. त्यातच सलाईनचा साठा संपत आला. तेथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मग १ लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, अशा प्रमाणात भुकटी कोलकात्यात तयार करवून आणली. नळ लावलेल्या पिंपांत ती पाण्यात विरघळवली आणि पेले रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. आया, बहिणी, भाऊ घोटाघोटाने पाजत राहिले. छावण्यांत ३० टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण हा उपचार मिळालेल्या रुग्णांत ४ टक्क्यांच्याही खाली आले. पुढे १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या उपचाराची गणना शतकातील सर्वांत मोलाच्या शोधांत केली. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळाले ते मात्र २०२३ मध्ये, मरणोत्तर.

छावणीत हे साधले. पण विखुरलेल्या खेड्यांचे काय? ब्रॅक या बांगलादेशातील संस्थेने १९८० मध्ये त्याचे उत्तर शोधण्यास आरंभ केला. भुकटीची पाकिटे सर्वत्र पुरवणे तेव्हा शक्य नव्हते. मीठ आणि गूळ मात्र बहुतेक घरांत होता. म्हणून माप हातावरच बसवले गेले : तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी. संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर जात आणि आईकडूनच मिश्रण तयार करून घेत. त्यांच्या वेतनाची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. किती घरांना भेट दिली यावर नव्हे, तर आईच्या ध्यानात किती राहिले यावर ते ठरे. काही दिवसांनी निरीक्षक येऊन निवडक घरांत प्रश्न विचारीत. शिकवले आणि शिकले यांतील अंतर इतक्या सरळपणे मोजलेले क्वचितच आढळते.

तरीही सुरुवातीला अडचण आलीच. आयांना मिश्रण करता येत होते, पण मूल आजारी पडले की त्या ते वापरत नव्हत्या. शोध घेता असे दिसले की, अनेक कार्यकर्त्यांचाच या पाण्यावर विश्वास नव्हता. त्या स्वतः जुलाब झाल्यास गोळ्या घेत. मग त्यांना उपचारामागील शास्त्र समजावून देण्यात आले आणि घरातील निर्णय घेणाऱ्या पुरुषांच्याही सभा होऊ लागल्या. दहा वर्षांत ही शिकवण सुमारे सव्वा कोटी घरांपर्यंत पोहोचली.

आज आपल्याकडे आरोग्य केंद्रात आणि आशा कार्यकर्तीकडे जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे पाकीट मिळते. पाकीट नसेल, तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो, तेव्हा अंदाजाने घालू नये. बालकाचे स्तनपान व आहार चालू ठेवावा. त्याला पिता येत नसेल, ते सुस्त पडले असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

इतके असूनही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात अतिसार झालेल्या सुमारे ६१ टक्के बालकांनाच हे मिश्रण मिळाले होते. उरलेल्यांना का मिळाले नाही? कर्नाटक आणि बिहारमध्ये झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पाकिटांचा तुटवडा हे त्यातील प्रमुख कारण नव्हते. रुग्णांना जलसंजीवनी नकोच असते, हा खासगी उपचारकांचा समज त्याहून मोठा अडसर होता. मुलाच्या पालकांनी ती स्वतःहून मागितली, तेव्हा ती देणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले, असेही त्याच अभ्यासात आढळले.