शेजाऱ्याचे सामान आणि आपली हद्द : गैरसमज व वस्तुस्थिती

वैशाख सरत आला की मृगाचा पाऊस येण्यापूर्वी छप्पर शाकारून घ्यावे, ओल धरणाऱ्या भिंतीला गिलावा करावा, या लगबगीत गावठाणातील घरोघरची माणसे असतात. आणि गवंडी परांची बांधण्यासाठी भिंतीलगतची तीन हात जागा मोकळी मागतो तेव्हाच ध्यानी येते, की आपल्याच बोळात शेजाऱ्याच्या सरपणाची रास, गंजलेले पिंप आणि जुन्या वाशांचा ढीग वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे. याच्या उलटही घडते: शेजारी घर बांधावयास काढतो आणि त्याची वाळू, विटा, सळ्या आपल्या अंगणात येऊन पडतात. अशा वेळी जी भांडणे जुंपतात त्यांच्या मुळाशी दुष्टावा क्वचितच असतो. बहुधा असतात त्या हक्कांविषयीच्या ऐकीव कल्पना. त्यांपैकी प्रमुख कल्पनांचा हा परामर्श आहे.

गैरसमज १ : आपल्या जागेतले सामान उचलून फेकून देण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

वस्तुस्थिती : जागेची मालकी आणि त्या जागेवर पडलेल्या वस्तूची मालकी या दोन भिन्न गोष्टी आहेत, वासा आपल्या बोळात पडला म्हणून तो आपला होत नाही. १८६० च्या दंडविधानात, आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, दुसऱ्याच्या वस्तूचे जाणूनबुजून नुकसान करणे हा अपराध आहे, आणि अप्रामाणिक हेतूने ती उचलून नेणे ही चोरी आहे. म्हणून प्रथम तोंडी सांगावे, नंतर लेखी मुदत द्यावी. आणि पाऊस तोंडावर आल्यामुळे सामान हलविल्यावाचून गत्यंतरच उरले नाही, तर दोन पंच बोलावून, छायाचित्रे व यादी करून, ते कोरड्या जागी झाकून ठेवावे व मालकास तसे कळवावे. त्याने प्रत्यक्ष अडथळा केल्यास मात्र हातघाईवर न येता न्यायालयाचा मार्ग धरावा.

गैरसमज २ : एकदा ठेवू दिले की वहिवाट पडते, म्हणून कोणालाही काहीही ठेवू देऊ नये.

वस्तुस्थिती : या एका समजुतीने जितके शेजार नासवले असतील तितके दुसऱ्या कशाने क्वचितच नासले असतील, आणि ती मुळातच उलटी आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या कलम १५ अन्वये चिरभोगाने हक्क मिळण्यासाठी तो उपभोग शांतपणे, उघडपणे, अखंड वीस वर्षे आणि हक्क म्हणून घेतलेला असावा लागतो. सरकारी जमिनीच्या बाबतीत ही मुदत तीस वर्षांची आहे. जो मागून, विचारून, दुसऱ्याच्या अनुज्ञेने जागा वापरतो तो ती हक्क म्हणून वापरीतच नाही, आणि म्हणून परवानगीच्या पोटी वहिवाट जन्मास येत नाही. स्पष्ट शब्दांत दिलेली परवानगी हीच आपल्या मालकीची सर्वांत भक्कम राखण आहे. धोका असलाच तर तो न बोलता सोसत राहण्यात आहे.

अशी अनुज्ञा सामान्यतः केव्हाही परत घेता येते. तथापि ती परत घेतल्यावर माल हलविण्यास वाजवी अवधी द्यावा लागतो, असे कलम ६३ सांगते. एक अपवाद मात्र प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावा: अनुज्ञेवर विसंबून, खर्च करून, शेजाऱ्याने तेथे कायम स्वरूपाचे बांधकाम उभे केले, तर कलम ६० प्रमाणे ती अनुज्ञा मागे घेता येत नाही. म्हणून विटांचा थर रचू द्यावा, परंतु त्याच विटांचा ओटा बांधला जाऊ लागताच त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवावी.

गैरसमज ३ : बारा वर्षे सामान पडून राहिले की जागा त्याची झाली.

वस्तुस्थिती : बारा वर्षांची ही मुदत काल्पनिक नाही; मुदत अधिनियम, १९६३ याच्या अनुच्छेद ६५ मध्ये ती आहे. परंतु ती धावू लागते प्रतिकूल कब्जा सुरू झाल्या दिवसापासून, म्हणजे दुसऱ्याने आपली मालकी नाकारून, उघडपणे, अखंडपणे आणि आपल्याला वगळून जागा बळकावल्यापासून. आणि तसे घडले हे सिद्ध करण्याचा भार तो दावा सांगणाऱ्यावरच असतो. कधीमधी टेकवलेली शिडी किंवा पावसाळ्यापुरती रचलेली लाकडे म्हणजे असा कब्जा नव्हे. तथापि त्याच लाकडांभोवती कुंपण घातले गेले, दाराला कुलूप लागले, आणि आपण मौन धरले, तर प्रश्नाचे स्वरूप पालटते.

गैरसमज ४ : दुरुस्तीसाठी शेजाऱ्याच्या जागेत परांची उभी करणे हा आपला हक्कच आहे.

वस्तुस्थिती : असा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. ज्याच्याजवळ सुविधाधिकार आधीच आहे, उदाहरणार्थ शेजाऱ्याच्या जमिनीतून पाण्याचा नळ नेण्याचा, त्याला सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम २४ नुसार नळ दुरुस्त करण्यासाठी तेथे शिरून खणता येते, परंतु जमीन पूर्ववत करून देण्याचे बंधनही त्याच्यावर असते. बाकी सर्वांना विचारणे प्राप्त आहे. शिवाय आज आपण सरपण हलवावयास सांगतो त्याच शेजाऱ्याच्या अंगणात उद्या आपल्या परांचीचे बांबू रोवावे लागणार असतात, याचे विस्मरण होऊ देऊ नये.

गैरसमज ५ : घरपट्टीची पावती माझ्या नावाची, म्हणजे हद्द माझी.

वस्तुस्थिती : ग्रामपंचायतीचा नमुना ८ हे कर आकारणीचे दफ्तर आहे, ते मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, आणि हद्द तर त्यावरून मुळीच ठरत नाही. जेथे नगर भूमापन झाले आहे तेथे मिळकत पत्रिका व तिचा नकाशा पाहावा. आणि बोळ कोणाचा याविषयीच तंटा असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करून, शेजाऱ्याच्या उपस्थितीत खुणा दाखवून घ्याव्यात व ‘क’ प्रत जपून ठेवावी. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांचे भूमापन होत आहे, त्याचा लाभ अवश्य घ्यावा. मोजणीपूर्वीच सामान हटविण्याचा आग्रह धरणे म्हणजे निकालापूर्वीच अंमलबजावणी मागणे होय.

गैरसमज ६ : फिर्याद दिली की पोलीस येऊन सामान काढून देतात.

वस्तुस्थिती : मारहाण, धमकी वा नासधूस झाली तर पोलिसांकडे जाणे योग्यच, पण नुसत्या हद्दीच्या व सामानाच्या तंट्यात, ही बाब दिवाणी आहे असेच उत्तर बहुधा मिळते. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ याखाली दिवाणी न्यायालय अडथळा दूर करण्याचा आदेशात्मक हुकूम देऊ शकते. त्याआधीची सोपी पायरी म्हणजे तालुका विधी सेवा समितीची लोकअदालत: तेथे न्यायालयीन शुल्क लागत नाही, आणि उभयपक्षी झालेल्या तडजोडीला १९८७ च्या कायद्याने हुकूमनाम्याचे बळ दिलेले आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून गावोगावी उभ्या राहिलेल्या तंटामुक्ती समित्यांकडेही असे प्रश्न नेता येतात. शहरातील सहकारी गृहसंस्थेत जिना व सामाईक मार्ग सर्वांचे असल्याने तेथील अडगळीची तक्रार प्रथम संस्थेच्या कार्यकारिणीकडे लेखी करावी.

सारांश, या सर्व तंट्यांवरचे औषध एका कागदावर मावते. कोणती जागा, कोणाच्या मालकीची, कोणते सामान, कोणत्या तारखेपर्यंत, केवळ परवानगीने, आणि नुकसान झाल्यास भरपाई कोणी करावयाची, एवढ्या ओळी लिहून दोघांनी व दोन साक्षीदारांनी त्यावर सह्या कराव्यात. जो सही करण्यास राजी नसेल त्याला तोच मजकूर पोचपावतीसह टपालाने पाठवावा. ही चिठ्ठी अविश्वासाची खूण आहे असे मानू नका. आपल्या दोघांच्या मुलांना उद्या त्याच भिंतीच्या दोन्ही बाजूंना राहावयाचे आहे, आणि आज आपण काय बोललो हे त्यांना त्या कागदावरूनच कळणार आहे. म्हणून यंदा गवंड्याला बोलावण्यापूर्वी शेजाऱ्याचे दार ठोठावा, आणि जाताना हाती कागद असू द्या.