मोटारीचे स्पार्क प्लग : घरच्या घरी तपासणी आणि बदल

दिनांक १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि येथील वाहनांवर ‘एमएच ३८’ ही नोंदणी दिसू लागली. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांत शाळा, ग्रामपंचायत आणि पंचायत समितीच्या कामासाठी रोज प्रवास करणारांपैकी अनेकांजवळ आज स्वतःची मोटार किंवा मोटारसायकल आहे. गावोगावी कुशल मेकॅनिक मिळेलच असे नाही. अशा वेळी आडरस्त्यावर गाडी धक्के देऊ लागली, तर तिचे कारण पुष्कळदा बोटाएवढ्या एका वस्तूत असते. ती वस्तू म्हणजे स्पार्क प्लग. तो कसा पाहावा, केव्हा बदलावा आणि बदलताना कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती प्रत्येक वाहनधारकास असणे हितावह आहे.

प्लगचे कार्य

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते व ऐन वेळी ठिणगीने पेटविले जाते. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट असतो. इग्निशन कॉइल तो वीस हजार व्होल्टच्या घरात नेते, आणि प्लगच्या टोकाशी असलेल्या मिलिमीटरभर फटीतून ठिणगी उडी घेते. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे याहून सोपे उदाहरण शिक्षकांना क्वचितच मिळेल.

उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यास जोडलेला प्लग ही व्यवस्था जर्मनीतील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ साली सिद्ध केली. भारतात बॉशच्या सहयोगाने १९५१ साली ‘मायको’ कंपनी स्थापन झाली आणि पुढे तिचे प्लग घरोघरच्या वाहनांत पोहोचले. मराठवाड्यातील वाळूज येथे १९८५ पासून कारखाना असलेल्या बजाज ऑटोने २००३ साली पल्सर मोटारसायकलीत एकाच सिलिंडरला दोन प्लग बसविले. दोन ठिकाणांहून ज्योत पसरल्याने मिश्रण लवकर जळते, हा त्यामागील विचार होय. अशा गाडीचे दोन्ही प्लग एकाच वेळी बदलावयास हवेत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. डिझेलच्या जीपगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये स्पार्क प्लग नसतो. तेथे दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. पुढील सूचना केवळ पेट्रोल आणि सीएनजी वाहनांसाठी आहेत.

झीज का होते ?

हिंगोलीहून नांदेडला जाताना इंजिन मिनिटाला २,५०० फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या इंजिनातील प्रत्येक प्लग मिनिटाला १,२५० वेळा ठिणगी देतो. दीड तासात हा आकडा एक लाखापलीकडे जातो. प्रत्येक ठिणगीबरोबर धातूचा सूक्ष्म अंश झिजतो, फट वाढते आणि ठिणगीस अधिक दाब लागू लागतो. सीएनजीवर हा दाब मुळातच जास्त लागत असल्याने तेथे झिजलेला प्लग लवकर उघडा पडतो.

निकेलचे साधे प्लग मोटारीत साधारणतः २० ते ४० हजार किलोमीटर, तर इरिडियम किंवा प्लॅटिनमचे सुमारे एक लाख किलोमीटरपर्यंत टिकतात. अंतिम आकडा मात्र वाहनाच्या पुस्तिकेतीलच मानावा. सकाळी गाडी उशिरा सुरू होणे, पिकअप कमी होणे, अ‍ॅव्हरेज घटणे व इंजिन ‘मिसिंग’ करणे ही झिजेची लक्षणे आहेत. त्यांकडे दुर्लक्ष केल्यास न जळलेले पेट्रोल धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जाते, तो तापून निकामी होतो, आणि काही शे रुपयांचे काम हजारोंच्या घरात जाते. धुरातील हायड्रोकार्बनचे प्रमाण वाढून प्रदूषण तपासणीतही गाडी नापास होऊ शकते.

बदलण्याची रीत

साहित्य थोडेच लागते : योग्य मापाचा प्लग पाना, एक्स्टेंशन, फिलर गेज, स्वच्छ फडके आणि पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचेच नवे प्लग. निरनिराळ्या कंपन्यांच्या क्रमांकांची पद्धत परस्परविरुद्ध असू शकते. म्हणून केवळ आकडा पाहून पर्यायी प्लग घेऊ नये.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढल्यास आटे निघून येण्याचा धोका असतो. किल्ली काढून ठेवावी.

२. एका वेळी एकच प्लग हाताळावा. जुन्या प्रीमिअर पद्मिनीसारख्या गाडीत वायरींची अदलाबदल झाली, तर ठिणगीचा १-३-४-२ हा क्रम बिघडतो. नव्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. तिचे कनेक्टर व बोल्ट काढून ती सरळ वर ओढावी. वायर ओढू नये, टोपी धरावी.

३. प्लग सैल करण्यापूर्वी त्याच्या खाचेतील धूळ सायकलच्या पंपाने उडवून द्यावी. हळदीच्या हंगामातील कच्च्या रस्त्यांची धूळ सिलिंडरमध्ये पडली, तर ती आतील भाग घासून काढते.

४. नव्या प्लगची फट फिलर गेजने तपासावी. ती बहुधा ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमके माप पुस्तिकेत मिळते. इरिडियमची कांडी अतिशय नाजूक असल्याने तिची फट वाकवून बदलू नये.

५. नवा प्लग प्रथम हातानेच फिरवावा. खोल जागी पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यावर बसवून फिरविल्यास आटे तिरपे लागत नाहीत. तिरपे लागलेच तर नळीच घसरते. हाताने टेकल्यावर वायसर असलेला नवा प्लग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळावा. शंकूच्या आकाराच्या बैठकीचा प्लग केवळ एक-सोळांश फेरा पुरे. टॉर्क पाना असल्यास पुस्तिकेतील मापाने आवळणे सर्वांत उत्तम.

जुना प्लग हलतच नसेल, तर बळ लावू नये. थोडे भेदक तेल सोडून, वेळ देऊन, मागेपुढे हलवून पाहावे. तरीही न निघाल्यास काम मेकॅनिककडे सोपवावे. आत तुटलेला प्लग काढण्याचा खर्च मोठा असतो.

जुना प्लग फेकण्यापूर्वी

प्लग बदलण्यापेक्षाही मोलाचे काम येथून पुढे सुरू होते. जुना प्लग हा सिलिंडरच्या आतील स्थितीचा अहवाल होय. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडावेत.

टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल, तर इंजिन निरोगी आहे. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल अधिक व हवा कमी मिळते. प्रथम एअर फिल्टर पाहावा. नेहमीच जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीतही प्लग पुरेसा न तापल्याने काजळी साचते. ओला, तेलकट काळेपणा असेल, तर रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल आत येत आहे. टोक पांढरे पडून फोड आलेले असतील, तर इंजिन अति तापते किंवा चुकीचा प्लग बसविलेला आहे. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसला, तर दोष त्याच सिलिंडरमध्ये शोधावा.

ही कारणे दूर न करता नवा प्लग बसविला, तर तोही काही दिवसांत तसाच होतो आणि वाहनधारक प्लगलाच दोष देत राहतो. उलट, ‘तिसऱ्या सिलिंडरचा प्लग तेलकट आहे’ एवढे नेमके सांगता आले, तर मेकॅनिकचा वेळ व मालकाचा पैसा दोन्ही वाचतात.

शासकीय वाहनास लॉगबुक असते, खाजगी वाहनास ते क्वचितच असते. एका साध्या वहीत दिनांक, किलोमीटर, प्लगचा क्रमांक आणि प्रत्येक प्लगचा रंग एवढीच नोंद ठेवावी. पुढील वेळी बॉनेट उघडण्यापूर्वी ती वही उघडली, तर निम्मे निदान तेथेच झालेले असेल.