ऑटिस्टिक प्रौढ व्यक्तीला कॅन्सर झाला तर... थोडी माहिती, थोडी तयारी



आपल्या आरोग्य सदरात मधुमेह, रक्तदाब, पाठदुखी हे विषय नेहमी येतात. या वेळचा विषय जरा अवघड आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी मोकळेपणाने बोलत नाही. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला ऑटिझम आहे आणि त्यालाच कॅन्सरचं गंभीर निदान झालं, तर काय करायचं? दोन्ही शब्द एकेकटेही जड आहेत. ते एकत्र आले की घरचे गोंधळून जातात आणि रुग्णालयातले लोकही कधी कधी गोंधळतात.

ही माहिती स्वतः ऑटिस्टिक असलेल्या वाचकांसाठी आहे, तशीच त्यांच्या आई-बाबांसाठी, जोडीदारासाठी आणि भावंडांसाठीही आहे. ती मुख्यतः इंग्लंडमधल्या व्यवस्थेला धरून दिली आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये काही नियम वेगळे आहेत. उपचारांबद्दलचा शेवटचा शब्द अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

आधी शब्दाबद्दल थोडं

मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण त्यातून 'हा आपल्यातच गुंग असतो, याला दुसऱ्याचं काही वाटत नाही' असा चुकीचा अर्थ निघतो. वाटतं, पुष्कळ वाटतं. फक्त ते आपल्याला अपेक्षित असतं तसं चेहऱ्यावर दिसत नाही. म्हणून इथे आम्ही 'ऑटिझम' हाच शब्द वापरला आहे.

ऑटिझम हा आजार नाही. मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी असते आणि ती आयुष्यभर तशीच राहते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लोर्ना विंग यांनी १९८१ साली 'अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम' या नावाने एक निबंध लिहिला. त्यानंतर बोलती-चालती, शिकलेली माणसंही ऑटिस्टिक असू शकतात हे हळूहळू लोकांच्या लक्षात येऊ लागलं. त्याआधी लहान असलेल्या पिढीला निदान मिळालंच नाही. आपल्या घरांत अशा माणसाला 'एककल्ली', 'तऱ्हेवाईक', 'जरा हट्टीच आहे' एवढंच म्हटलं गेलं. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेकांना आपण ऑटिस्टिक आहोत हे अलीकडेच कळलं आहे, काहींना अजून कळलेलंही नाही.

अडचण नेमकी कुठे येते?

शरीराचे निरोप: भूक, ताप, मळमळ, दुखणं हे आपल्याला आतून जाणवतं. बऱ्याच ऑटिस्टिक व्यक्तींना हे निरोप उशिरा किंवा अस्पष्ट पोहोचतात, तर काहींना ते असह्य तीव्रतेने जाणवतात. 'एक ते दहामध्ये दुखणं किती?' या प्रश्नाचं उत्तर त्यांना देता येत नाही, कारण दहा म्हणजे काय हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याऐवजी 'दुखण्यामुळे रात्री जाग आली का? जिना चढता आला का? जेवण गेलं का?' असं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं.

आवाज, उजेड, वास, स्पर्श: केमोच्या वॉर्डात पंपांचे बीप सतत वाजत असतात. एमआरआयचं मशीन हातोडा मारल्यासारखं ठोकतं आणि तपासणीला १५ ते ९० मिनिटं लागू शकतात. डोक्याला किंवा मानेला रेडिओथेरपी असेल तर चेहऱ्यावर घट्ट बसणारा साचा घालून स्थिर पडून राहावं लागतं. इतरांना जे त्रासदायक असतं ते इथे सहनशक्तीपलीकडचं ठरू शकतं.

भाषा: डॉक्टरांची इंग्रजी फसवी असते. 'नोड्स पॉझिटिव्ह आहेत' म्हणजे गाठींत कॅन्सर सापडला, पण ऐकणाऱ्याला पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं वाटतं. 'डिसीज प्रोग्रेस झाला' म्हणजे आजार वाढला, प्रगती झाली असं नाही. शब्दशः अर्थ घेणाऱ्या माणसाचा इथे मोठा घोटाळा होऊ शकतो. 'लढायचं आहे, तू फायटर आहेस' ही भाषाही अनेकांना कोड्यात टाकते. लढायचं म्हणजे उद्या सकाळी नेमकं काय करायचं?

अनिश्चितता: 'बघू या कसं होतंय', 'पुढच्या आठवड्यात कधीतरी फोन येईल' ही वाक्यं ऐकून सगळेच अस्वस्थ होतात. ज्याचं आयुष्य ठरलेल्या वेळापत्रकावर उभं आहे, त्याच्या पायाखालची जमीनच सरकते. मग कुणाचा स्फोट होतो, तर कुणी पूर्ण गप्प होतं, बोलणंच थांबतं. ते नाटकही नसतं आणि हट्टही नसतो. अशा वेळी प्रश्न थांबवायचे, शांत जागा द्यायची आणि वाट पाहायची.

आणखी एक धोका आहे. नवीन दिसलेलं प्रत्येक लक्षण 'ते ऑटिझममुळे असेल' म्हणून बाजूला सारलं जातं. केमोबरोबर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड्समुळे झोप उडते, जीव बेचैन होतो. काही उलटीविरोधी औषधांनी एका जागी बसवत नाही. घरच्यांनी ठासून सांगायला हवं: 'हा एरवी असा नसतो. हे नवीन आहे.'

'त्याला सांगू नका हं'

आपल्याकडची ही जुनी रीत. निदान घरच्यांनी ऐकायचं आणि रुग्णाला 'थोडी सूज आहे' म्हणायचं. हेतू मायेचाच असतो, पण ऑटिस्टिक व्यक्तीच्या बाबतीत ही माया फार महागात पडते. अर्धवट माहिती, दबक्या आवाजातली बोलणी, न सांगता ठरलेल्या तपासण्या यांनी भीती कमी होत नाही, वाढते. एकदा विश्वास उडाला की पुढचा प्रत्येक उपचार कठीण होतो.

इथला कायदाही तेच सांगतो. इंग्लंड आणि वेल्समधल्या 'मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट २००५' प्रमाणे प्रत्येक प्रौढ व्यक्ती स्वतःचा निर्णय घेऊ शकते असंच आधी धरलं जातं. निर्णय समजायला लागेल ती सगळी मदत द्यावी लागते, आणि एखादा निर्णय इतरांना शहाणपणाचा वाटला नाही एवढ्यावरून तो हक्क काढून घेता येत नाही. संमती तिची स्वतःची लागते. आई-बाबा किंवा नवरा-बायको केवळ नात्याने सही करू शकत नाहीत.

सांगताना वाक्यं छोटी ठेवा. 'तुला आतड्याचा कॅन्सर आहे. तो यकृतात पसरला आहे. मंगळवारी ११ वाजता डॉक्टर औषधाबद्दल बोलतील.' मग थांबा. प्रश्न दोन दिवसांनी आले तरी चालतील. तेच लिहूनही द्या, कारण त्या क्षणी कानावर पडलेलं डोक्यात राहतंच असं नाही.

रुग्णालयाकडे काय मागता येतं?

'इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१०' प्रमाणे अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी व्यवस्थेत वाजवी बदल करणं हे रुग्णालयाचं कर्तव्य आहे. इंग्रजीत त्याला 'रीझनेबल अ‍ॅडजस्टमेंट्स' म्हणतात. हे शब्द पाठ करून ठेवा. संकोच नको, ही मेहेरबानी नाही. साधारण हे मागता येतं:

- दिवसातली पहिली किंवा शेवटची वेळ, म्हणजे गर्दी कमी असते आणि थांबावं लागत नाही
- थांबण्यासाठी शांत खोली, किंवा बाहेर थांबून फोनवर बोलावणं
- भेटीची वेळ जास्त, प्रश्न आधी लिहून पाठवण्याची मुभा, उत्तरं लेखी
- फोनऐवजी ईमेल किंवा मेसेज
- मशीन आणि वॉर्ड आधी एकदा पाहून येणं
- सुई टोचण्याआधी बधिर करणारं क्रीम (ते आधी काही वेळ लावून ठेवावं लागतं)
- शक्यतो तीच नर्स, तीच खुर्ची. कानाला हेडफोन, अंगावर स्वतःची शाल
- ओळखीचं एक माणूस सतत बरोबर

हे सगळं एका पानावर लिहून ठेवा. अशा कागदाला 'हॉस्पिटल पासपोर्ट' म्हणतात. नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी (स्थापना १९६२) यांच्याकडे त्याचा नमुना मिळतो. 'मी ताणात असलो की असा दिसतो', 'मला न सांगता हात लावू नका', 'मी नजर मिळवत नाही, पण ऐकत असतो' अशी सरळ वाक्यं लिहा. जीपीला सांगून या गरजांची खूण वैद्यकीय नोंदीतही करून घ्या.

कॅन्सरच्या रुग्णाला बहुधा एक खास नर्स नेमून दिलेली असते, 'क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट'. सगळ्या शंकांसाठी हे एकच नाव धरून ठेवावं. दहा माणसांना दहा वेळा तेच सांगण्याची दमणूक वाचते.

ऑलिव्हर मॅकगोवन हा १८ वर्षांचा ऑटिस्टिक तरुण २०१६ साली रुग्णालयात दगावला. त्याला व त्याच्या आई-वडिलांना नको असलेलं औषध दिलं गेलं होतं. त्याच्या आईने, पॉला मॅकगोवन यांनी, चिकाटीने मोहीम चालवली. २०२२ च्या 'हेल्थ अँड केअर अ‍ॅक्ट' नुसार इंग्लंडमधल्या आरोग्य व देखभाल सेवांना आपल्या कर्मचाऱ्यांना ऑटिझम व लर्निंग डिसॅबिलिटीचं प्रशिक्षण द्यावं लागतं. म्हणून 'आमच्या माणसाला ऑटिझम आहे' हे पहिल्याच भेटीत सांगा.

सर्वांत महत्त्वाचं: केमो चालू असताना ताप

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात, बऱ्याचदा औषधानंतर साधारण ७ ते १४ दिवसांनी सर्वांत जास्त. त्या काळात झालेला साधा जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. रुग्णालय एक कार्ड देतं. त्यावर २४ तासांचा फोन नंबर असतो आणि किती तापाला फोन करायचा तो आकडा असतो (बहुधा ३७.५ किंवा ३८ अंश सेल्सिअस). तुमच्या कार्डावर असेल तोच आकडा धरायचा.

आता विचार करा: ज्याला अंगातला ताप नीट जाणवत नाही आणि ज्याला अनोळखी माणसाला फोन करणं डोंगराएवढं वाटतं, तो रात्री दोन वाजता काय करेल? बहुधा सकाळची वाट पाहील. म्हणून हे जाणवण्यावर सोडू नका, नियमावर सोडा:

- थर्मामीटरने रोज ठरलेल्या दोन वेळी ताप मोजायचा, वहीत लिहायचा
- आकडा गाठला की फोन, विचार नाही. थंडी वाजून हुडहुडी भरली किंवा एकदम गळून गेलं, तर ताप नसला तरी फोन
- फोनवर वाचायची वाक्यं कागदावर तयार ठेवायची: नाव, जन्मतारीख, कॅन्सर, शेवटची केमो कधी झाली, ताप किती, आणि 'मी ऑटिस्टिक आहे'
- स्वतःला बोलता आलं नाही तर कोण बोलणार, ते आधीच ठरवायचं
- कार्डावरचा नंबर लागला नाही तर १११. माणूस गोंधळला, श्वास लागला तर थेट ९९९

आणि 'कणकण आहे ना, पॅरासिटामॉल घे आणि झोप' हा आपला घरगुती उपाय या काळात बंद. गोळीने ताप लपतो, संसर्ग तसाच वाढत राहतो.

'किती दिवस?' आणि आकडे

अनेक ऑटिस्टिक लोकांना गोल उत्तरापेक्षा आकडा बरा वाटतो. विचारण्याचा त्यांना हक्क आहे, पण आकड्याचा अर्थही समजून घ्यावा. डॉक्टर 'मीडियन आठ महिने' म्हणाले, तर निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात आणि निम्मे त्याहून जास्त जगतात, काही तर कितीतरी जास्त. ती मुदत संपण्याची तारीख नव्हे. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली मेसोथेलिओमा झाला, तेव्हा त्या आजाराचा मीडियन आठ महिनेच होता. त्यांनी आकड्यांचा नीट अभ्यास केला, १९८५ साली त्यावर लेख लिहिला आणि ते २००२ पर्यंत जगले. गेले ते दुसऱ्याच कॅन्सरने. प्रत्येकाचं असं होईल असं नाही. पण आकडा पूर्ण वाचावा, अर्धा नाही.

घरच्यांनी आणि आपण मंडळींनी

आजार कळला की आपल्याकडे माणसं धावून येतात. पण न कळवता आलेले आठ पाहुणे, एकापाठोपाठ एक भारतातले व्हिडिओ कॉल आणि 'अरे, असा का बसलास? बोल ना आत्याशी' हे प्रेम झेपत नाही. घरातल्या एकाने सगळ्यांना खबर द्यायची आणि बाकीच्यांनी त्यावर समाधान मानायचं.

डबा द्यायचा तर विचारून द्या. केमोत तोंडाची चव धातूसारखी होते, वास नकोसे होतात. रोज तोच वरण-भात हवा असेल तर तोच द्या. 'बदल म्हणून' मसालेभात नको. घरगुती काढे, हळदीच्या गोळ्या, कुणी पाठवलेली चूर्णं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नयेत, त्यांचा औषधांशी विरोध होऊ शकतो.

आणि घरच्यांनो, तुमचंही दुखणं आहेच. ते दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुणाजवळ मोकळं करा, पण कराच.

कागदपत्रं, जमेल तितक्या लवकर

- कॅन्सरच्या रुग्णांना इंग्लंडमध्ये २००९ पासून प्रिस्क्रिप्शन मोफत आहे. त्याचं सर्टिफिकेट जीपीमार्फत मागवा.
- कायद्याने कॅन्सर हे निदानाच्या दिवसापासून अपंगत्व धरलं जातं, त्यामुळे नोकरीच्या ठिकाणीही वाजवी बदल मागता येतात.
- 'लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी' (आरोग्यासाठीची वेगळी असते) माणूस निर्णय घेऊ शकतो तोवरच करता येते.
- कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवता येतं. जीव वाचवणारा उपचार नाकारायचा असेल तर ते लेखी, सही व साक्षीदारासह लागतं.

पॅलिएटिव्ह केअरचं नाव निघालं की 'संपलं सगळं' असं समजू नका. दुखणं, मळमळ, झोप यांचा बंदोबस्त हे त्यांचं काम, आणि ते उपचार चालू असतानाही करतात.

माहिती व आर्थिक सल्ल्यासाठी मॅकमिलन कॅन्सर सपोर्ट आहे. मॅगीज सेंटर्स (पहिलं १९९६ साली एडिंबरात) इथे अपॉइंटमेंटशिवाय जाऊन शांत बसता येतं, कुणी बोलायचा आग्रह करत नाही.

आपल्या मंडळाकडूनही जे होईल ते करू. रुग्णालयात नेणं-आणणं, फोनवर बोलून देणं, फॉर्म भरणं, किंवा नुसतं एक शब्द न बोलता वेटिंग रूममध्ये शेजारी बसणं. नाव गुप्त राहील. समितीतल्या कुणालाही सांगा, मेसेजने सांगितलंत तरी चालेल.

काळजी घ्या, आणि ही माहिती गरजूंपर्यंत पोहोचवा.

आपली,
आरोग्य समिती