तेविसाव्या वर्षीचा हॅम्लेट

हॅम्लेट कॉलेजात शिकणारा मुलगा आहे, हे नाटकातच लिहिलंय. बाप गेला म्हणून तो शिक्षण अर्धवट टाकून घरी आलाय. पण ही भूमिका बहुतेक वेळा मुरलेले नट करत आल्यामुळे प्रेक्षक त्याचं वय विसरूनच जातात. २००४ साली लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये ट्रेव्हर नन यांनी हे नाटक बसवलं आणि ही भूमिका बेन व्हिशॉला दिली. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. ‘राडा’ या नाट्यशिक्षण संस्थेतून बाहेर पडून त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. आजच्या काळातले कपडे, डोक्यावर लोकरी टोपी, अंगानं काडी. राजपुत्राचा रुबाब कुठेच नाही, समोर दिसतं ते सुतकातलं पोर. या कामासाठी त्याला ऑलिव्हिए पुरस्काराचं नामांकन मिळालं.

लोकांना हे एका रात्रीत घडल्यासारखं वाटलं, पण तसं नव्हतं. बेडफर्डशरमध्ये वाढलेला हा मुलगा शाळेच्या वयातच हिचिनच्या ‘बिग स्पिरिट’ या युवा नाट्यसंस्थेत जात होता. प्रिमो लेव्ही यांच्या छळछावणीच्या आठवणींवर या मुलांनी नाटक केलं आणि ते एडिंबरोच्या महोत्सवात नेलं. पंधराच्या आसपासच्या वयात ज्याच्या वाट्याला असा मजकूर येतो, त्याला गप्प उभं राहण्याची किंमत लवकर कळत असावी, असं मला वाटतं.

२००६मध्ये ‘परफ्यूम’ या चित्रपटाची मुख्य भूमिका मिळाली, तरी रंगभूमी सुटली नाही. त्याच वर्षी केटी मिचेल यांच्या ‘सीगल’मध्ये तो कॉन्स्तान्तिन झाला.

मला मात्र तो भेटला छोट्या पडद्यावर, आणि तेही उलट्या वाटेनं. आपल्याकडे २०१९मध्ये हॉटस्टारवर ‘क्रिमिनल जस्टिस’ आली. विक्रांत मॅसी आणि पंकज त्रिपाठी यांची ती मालिका पाहून मी मूळ मालिका शोधली. बीबीसीनं ती २००८मध्ये सलग पाच रात्री दाखवली होती. लेखक पीटर मोफॅट स्वतः पूर्वी वकिली केलेले. बेन कूल्टर नावाचा मुलगा वडिलांची टॅक्सी घेऊन बाहेर पडतो, एक अनोळखी मुलगी गाडीत बसते, आणि पहाटे ती भोसकलेल्या अवस्थेत सापडते. पुढचं सगळं या मुलावर कोसळत राहतं. वकील त्याला सांगतो, तोंड उघडू नकोस. म्हणजे नायकाकडून बोलणंच काढून घेतलं! मग उरतं काय? पोलिस ठाण्यात प्रश्नामागून प्रश्न येतात तेव्हा व्हिशॉ आधी समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, क्षणभर थांबतो आणि मग पुटपुटल्यासारखं उत्तर देतो. त्या क्षणभरात त्याची सगळी भीती दिसते. तुरुंगात पीट पोस्टलथ्वेट यांच्यासारखा कसलेला नट शेजारी असतानाही नजर याच्यावरून हलत नाही. ऐकणं हाही अभिनयच असतो, हे मला त्या पाच भागांत जितकं पटलं तितकं क्वचितच कुठे पटलं असेल.

या कामानं त्याला आंतरराष्ट्रीय एमी मिळवून दिला, नोव्हेंबर २००९मध्ये. जेन कॅम्पियन यांचा ‘ब्राइट स्टार’ त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये लागला होता, त्यात तो कवी कीट्स होता. आणि त्याच दिवसांत तो स्वतः रॉयल कोर्टच्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या नाट्यगृहात माइक बार्टलेट यांचं ‘कॉक’ करत होता, अँड्र्यू स्कॉटच्या जोडीनं. प्रेक्षक शंभरसुद्धा मावत नाहीत अशी जागा. कोंबड्यांच्या झुंजीसारखं गोल रिंगण, चहूबाजूंनी माणसं. खुर्ची नाही, टेबल नाही, हातात धरायला पेलासुद्धा नाही. पात्रं कपडे उतरवतात तो प्रसंगही अंगावरचं बटण न काढता, नुसतं एकमेकांभोवती फिरत, बोलून उभा करायचा. पहिल्या रांगेतल्या माणसाला त्याचा श्वास ऐकू यावा, इतकं अंतर.