हृदयातला ‘ब्लॉक’ आणि कागदावरचा कोड

‘त्यांच्या हार्टमध्ये दोन ब्लॉक निघाले’ हे वाक्य आपण दर महिन्याला कुठे ना कुठे ऐकतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या चरबी साचून अरुंद झाल्या. पण डॉक्टर जेव्हा कागदावर ‘हार्ट ब्लॉक’ लिहितात, तेव्हा ते वेगळंच काही सांगत असतात. एक बिघाड नळाचा, दुसरा वायरिंगचा. पहिल्यात अँजिओप्लास्टी, स्टेंट हे शब्द येतात, दुसऱ्यात पेसमेकर. घरात हा घोळ झाला की माणसं नको तिथे घाबरतात आणि नको तिथे निर्धास्त राहतात.

वर्गात शिकवायला शाळेचंच उदाहरण घ्या. हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, एक छोटी गाठ असते, एसए नोड. ती मुख्याध्यापक. मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा ती ‘घंटा वाजवा’ असा विद्युत संदेश सोडते. हा संदेश घेऊन शिपाई जिन्यापर्यंत येतो, तिथे क्षणभर थांबतो (हा एव्ही नोड) आणि मग डाव्या-उजव्या दोन शाखांतून खालच्या कप्प्यांना, म्हणजे निलयांना, निरोप पोचतो. ते आकुंचन पावतात आणि रक्त पुढे जातं. जिन्यावरचं थांबणं मुद्दाम आहे बरं का. वरचे कप्पे रिकामे व्हायला तेवढा वेळ लागतो.

ईसीजीवर वरून निघालेला निरोप खाली पोचेपर्यंतच्या वेळेला पीआर अंतर म्हणतात. ते ०.१२ ते ०.२० सेकंद असावं. शिपाई रोज उशिरा येतो पण येतो नक्की, तो पहिल्या श्रेणीचा ब्लॉक. याचा सहसा त्रास नसतो. काही निरोप पोचतात, काही गळतात, ती दुसरी श्रेणी. एकही पोचत नाही, ती तिसरी, म्हणजे पूर्ण ब्लॉक. तेव्हा खालचा मजला स्वतःच्या अंदाजाने, अगदी सावकाश घंटा वाजवू लागतो. कधी कधी मिनिटाला ४० पेक्षाही कमी. चक्कर, धाप, अचानक शुद्ध हरपणं, हे त्यातूनच.

आता कोड. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात पहिली श्रेणी आय-४४.०, दुसरी आय-४४.१, पूर्ण ब्लॉक आय-४४.२. डाव्या शाखेचा ब्लॉक ४४ मध्येच, आय-४४.७ ला, पण उजव्या शाखेचा मात्र पुढच्या घरात, आय-४५.१. (डावी-उजवीकडे वेगळ्या घरात का नांदतात, हे मुलांनी विचारलं तर विषय बदलावा!) आणि धमन्या अरुंद होण्याचा नेहमीचा आजार? तो आय-२५ मध्ये. म्हणजे बोलण्यात जो घोळ होतो तो कोडमध्ये होत नाही. डिस्चार्ज कार्डावर आय-४४ दिसलं तर प्रश्न वायरिंगचा आहे, हे पालकालाही कळू शकतं.

पण कोडवर सगळा भरवसाही ठेवू नये. दुसऱ्या श्रेणीचे दोन प्रकार आहेत. एकात शिपाई दरवेळी थोडा थोडा अधिक उशीर करतो आणि मग एक खेप चुकवतो. व्हेंकबाख यांनी १८९९ मध्ये हा नमुना नाडीच्या आलेखावरून ओळखला होता, आजच्यासारखा ईसीजी हाताशी नसताना! हा प्रकार बहुधा सौम्य. दुसऱ्यात तो वेळेवर येत असतो आणि काही कल्पना न देता गैरहजर होतो. तो पूर्ण ब्लॉककडे जाऊ शकतो, म्हणून धोक्याचा, आणि त्यात बहुधा पेसमेकरचा विचार होतो. आयसीडी-१० मध्ये दोघांनाही एकच कोड, आय-४४.१. म्हणून ‘कोणता प्रकार, डॉक्टर?’ हे तोंडाने विचारायलाच हवं.

आणखी एक. कोड लिहिणारा ईसीजी पाहून निदान ठरवत नाही, डॉक्टरांनी जे लिहिलं त्यावरून तो कोड शोधतो. नुसतं ‘हार्ट ब्लॉक’ लिहिलं तर तो आय-४५.९ या ‘अनिर्दिष्ट’ खान्यात जातो. विम्याच्या दाव्यात पेसमेकरचा खर्च आणि निदान मात्र असं मोघम असेल, तर विचारणा होऊ शकते. कागद हातात असतानाच श्रेणी लिहून मागितलेली बरी. पूर्ण ब्लॉक काही वेळा औषधांमुळे किंवा रक्तातलं पोटॅशियम वाढल्यानेही होतो आणि कारण दूर केल्यावर जातो, म्हणून तेही नोंदलेलं असावं.

शाळेसाठी महत्त्वाचा कोड मात्र ‘आय’ मध्ये नाहीच. जन्मजात हार्ट ब्लॉक क्यू-२४.६ मध्ये येतो. गर्भात असताना आईच्या रक्तातली काही प्रतिद्रव्यं बाळाच्या एव्ही नोडला इजा करतात, हे त्याचं एक ठाऊक कारण. अशी काही मुलं पेसमेकर लावून आपल्याच बाकावर बसलेली असतात. पेसमेकर असल्याची नोंद झेड-९५.० ने होते. फाइलमध्ये हा कोड दिसला तर खेळाच्या तासाला कोणते खेळ चालतील आणि छातीवर मार बसणारे कोणते टाळायचे, हे त्या मुलाच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या, आणि ते क्रीडाशिक्षकांच्या हातात द्या.