दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला

पायांना रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतल्या बाजूस चरबीचे थर साचत जाऊन त्या अरुंद होतात, तेव्हा त्या विकाराला पेरिफेरल आर्टरी डिसीज किंवा थोडक्यात पीएडी म्हणतात. हृदयाच्या धमन्यांत जे घडते तेच इथे पायांत घडते. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि उतारवय ही त्याची मुख्य कारणे. विडी-सिगारेट आणि मधुमेह एकाच माणसाच्या वाट्याला आले, तर धोका आणखी वाढतो.

बसलेल्या माणसाच्या पायाच्या स्नायूंना रक्त थोडेच लागते आणि अरुंद धमनीतूनही तेवढे पोचते. चालू लागल्यावर गरज कित्येक पटींनी वाढते, पुरवठा मात्र त्या मानाने वाढत नाही. मग ठरावीक अंतरावर पोटरी आवळल्यासारखी दुखू लागते, उभे राहिले की काही मिनिटांत दुखणे ओसरते आणि साधारण तेवढेच चालल्यावर पुन्हा सुरू होते. अडथळा वरच्या, ओटीपोटातल्या धमनीत असेल तर मांडी किंवा कुल्ला दुखतो. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८५८ मध्ये माणसांतील या दुखण्याचे वर्णन केले होते. मणक्यात नसा दबल्यानेही चालताना पाय दुखतात, पण तिथे नुसते उभे राहून भागत नाही; बसावे किंवा पुढे वाकावे लागते. अनेक रुग्णांना असे ठरावीक दुखणे जाणवतच नाही; पाय जड झाले, थकले, एवढेच ते सांगतात आणि वयाला दोष देतात.

तपासणी सोपी आहे. रुग्णाला आडवे झोपवून दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजतात व घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. दंडात १४० आणि घोट्यात ९८ आला, तर भागाकार ०.७० येतो. निरोगी माणसात तो १ ते १.४ असतो, ०.९ किंवा त्याहून कमी आला तर पीएडी आहे असे मानतात. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या धमन्या कडक झाल्याने आकडा फसवा, म्हणजे जास्त येऊ शकतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजतात.

चालल्यावर दुखते म्हणून रुग्ण चालणे कमी करतो. त्यामुळे स्नायू आणखी दुबळे होतात आणि पुढच्या वेळी दुखणे आणखी लवकर गाठते. हे दुष्टचक्र चालूनच तोडता येते. १९६६ मध्ये डेन्मार्कच्या लार्सन आणि लासन यांनी रोजच्या व्यायामाचा परिणाम छोट्या तुलनात्मक चाचणीतून दाखवला. १९९५ मध्ये गार्डनर आणि पोलमन यांनी २१ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा व्यायामानंतर रुग्णांचे चालण्याचे कमाल अंतर सरासरी दुपटीहून जास्त झाल्याचे दिसले. सर्वाधिक फायदा झाला तो दुखणे जवळजवळ असह्य होईपर्यंत चालणाऱ्यांना.

देखरेखीखालच्या व्यायामाचा कार्यक्रम बहुधा १२ आठवड्यांचा असतो आणि आठवड्यातून ३ दिवस घेतला जातो. थोडे अंग मोकळे केल्यावर रुग्ण ट्रेडमिलवर चढतो. ३ ते ५ मिनिटांत पोटरी दुखू लागेल अशा बेताने वेग आणि चढ ठरवतात. फिजिओथेरपिस्ट मधून मधून ‘किती दुखतंय?’ असे विचारतो आणि रुग्ण ठरवून दिलेल्या मोजपट्टीवरचा आकडा सांगतो. दुखणे मध्यम ते बऱ्यापैकी तीव्र झाले की ट्रेडमिल थांबवून त्याला खुर्चीवर बसवतात आणि दुखणे पूर्ण गेल्यावरच पुन्हा चालवतात. विश्रांती धरून हे ३० ते ६० मिनिटे चालते. रुग्ण सलग ८ ते १० मिनिटे चालू लागला की चढ किंवा वेग वाढवतात.

व्यायामाने साचलेली चरबी निघून जात नाही, घोट्याचा रक्तदाबही फारसा बदलत नाही. बदलतो तो स्नायू. मिळेल तेवढ्या रक्तातला प्राणवायू तो अधिक चांगला वापरू लागतो, केशवाहिन्या वाढतात, धमन्या अधिक सहजपणे सैल होतात आणि चालण्याची ढब सुधारल्याने तेवढ्याच अंतराला कमी शक्ती लागते.

ओटीपोटातल्या धमनीत अडथळा असलेल्या रुग्णांत व्यायाम आणि स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) यांची तुलना क्लेव्हर या अमेरिकी चाचणीत झाली. ६ महिन्यांनी ट्रेडमिलवरच्या चालण्यात व्यायाम करणारा गट पुढे होता. आपल्या प्रकृतीबद्दलचे समाधान मात्र स्टेंट बसवलेल्यांनी जास्त सांगितले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने देखरेखीखालच्या व्यायामाच्या ३६ सत्रांचा खर्च देण्याचे मान्य केले. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वेही देखरेखीखालचा व्यायाम आधी सुचवतात.

अशा व्यायामाचे केंद्र जवळ नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मैदानात किंवा सपाट रस्त्यावर हाच क्रम पाळता येतो. मात्र रमतगमत फेरी मारून भागत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लाइट या चाचणीत वर्षभर घरच्या घरी चालणाऱ्यांपैकी दुखेल इतक्या वेगाने चालणाऱ्यांचे ६ मिनिटांत कापलेले अंतर वाढले. न दुखता हळू चालणाऱ्यांना व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा काही जास्त साधले नाही. नोंदवहीत तारीख, चाललेली मिनिटे आणि थांबण्याच्या वेळा लिहिल्या की प्रगती दिसते, आणि ठरावीक दिवसांनी कोणी विचारपूस करत राहिले तर नेम टिकतो. गुडघेदुखीमुळे चालणे जमत नसेल तर हातांनी फिरवायच्या पेडलच्या यंत्रावरचा व्यायामही उपयोगी ठरतो.

व्यायाम सुरू करण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी, कारण या रुग्णांत हृदयविकारही अनेकदा असतो. चालताना छातीत दुखले किंवा दम कोंडला तर लगेच थांबावे. मधुमेहींनी मापाचे, मऊ बूट घालावेत आणि रोज तळपाय पाहावेत. पायाची संवेदना कमी झालेल्यांना जखम झालेली कळत नाही. झोपल्यावरही पाय दुखणे, न भरणारी जखम, बोट काळे पडणे ही लक्षणे असतील तर व्यायाम लांबणीवर टाकून रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाकडे जावे. पाय अचानक गार आणि पांढरा पडला, तर तासाभराचाही उशीर करू नये.

तंबाखू सोडणे, कोलेस्टेरॉल आणि रक्ताच्या गुठळ्यांवरची औषधे, साखर व रक्तदाब यांवर ताबा हे सारे व्यायामाबरोबर चालू ठेवावे लागते. १२ आठवड्यांनंतर चालणे सोडले तर कमावलेले अंतर हळूहळू गमावले जाते. म्हणून आठवड्यातले ते ३ दिवस पुढेही कायम ठेवावे लागतात.