कॅलेंडरवरचा ठिपका

बुऱ्हाणपुरातल्या मराठी घरांत स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्याच्यावर सत्ता घरातल्या बाईची. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, संकष्टीभोवती पेनाचा गोल. या गर्दीत महिन्यातून एकदा एक बारीक ठिपका. तो कशाचा, हे ठिपका देणारीला ठाऊक आणि फार तर तिच्या मुलीला.

पंचेचाळिशीच्या आगेमागे हा ठिपका बिनसतो. कधी वीस दिवसांतच येतो, कधी अडीच महिने गायब. बाई दोन दिवस काळजी करते, मग ‘वय झालं आता’ म्हणून पेन ठेवून देते. माझं म्हणणं एवढंच, की नेमकं तेव्हा पेन ठेवू नये. पाळी कायमची गेली की नाही हे त्या दिवशी कळतच नाही. सलग बारा महिने ठिपका पडला नाही, तर मागे वळून म्हणायचं, रजोनिवृत्ती झाली. भारतीय बायकांत हे साधारण 46-47व्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांत 51च्या सुमारास. चाळिशीच्या आतच थांबली तर मात्र ‘बरं झालं, सुटले’ म्हणू नये, डॉक्टरांना दाखवावं.

आणि वर्षभर कोरं गेल्यावर पुन्हा ठिपका द्यावा लागला, अगदी पुसटसा डाग का असेना, तर तो ‘परत सुरू झाली वाटतं’ म्हणून सोडून द्यायचा नसतो. बहुतेकींत कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची पहिली खूण हीच असते. सोनोग्राफी, गरज पडली तर अस्तराचा तुकडा काढून तपासणी. यात दिवाळी होऊ द्या, लग्न उरकू द्या, असलं काही चालत नाही.

दरम्यान अंगातून निघणाऱ्या गरम वाफा. ओव्हरीतलं इस्ट्रोजेन कमी होऊ लागलं की मेंदूतली तापमान सांभाळणारी यंत्रणा हळवी होते. जरा उष्णता वाढली की तिला वाटतं अंग पेटलं, आणि ती घाम सोडते. आमच्याकडे मे महिन्यात हे कुणाला पटवायची सोय नाही, गाव सगळंच भाजत असतं. पण जानेवारीच्या पहाटे अख्खं घर गोधडीत गुरफटलेलं असताना एकटी बाई पंख्याचं बटण दाबते, तेव्हा ती ‘थेरं’ नसतात. वाफांनी झोप उडत असेल तर औषधं आहेत. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, तब्येत नीट तपासून घेतलेलं हार्मोन बऱ्याच जणींना फायद्याचं ठरतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्यांना ते सहसा देत नाहीत.

आता जरा अवघड विषय. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या आमच्या गावात बाई घरी मराठी बोलते, दवाखान्यात हिंदी ऐकते आणि रिपोर्ट इंग्रजीत हातात घेते. अंगावर जास्त जातंय म्हणून गेलेल्या बाईला वाक्य ऐकू येतं, ‘बच्चेदानी निकलवा दो.’ शब्द बघा. बच्च्यांची दाणी. बच्चे मोठे झाले, नोकरीला लागले, मग दाणी कशाला? आपली मराठीही मागे नाही. आपण म्हणतो ‘पिशवी’. रिकामी झालेली पिशवी घरात कोण ठेवतं? अर्धा निर्णय शब्दानेच होऊन जातो.

गर्भाशयात गाठी निघाल्या तरी त्यांतल्या बहुतेक कॅन्सरच्या नसतात, आणि पाळी गेल्यावर सहसा आपोआप आक्रसतात. रक्तस्राव आटोक्यात आणायला गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबीसारखी वस्तू आहे. शस्त्रक्रिया खरोखर लागते अशाही बायका असतात, त्यांनी घाबरू नये. पण पिशवीबरोबर दोन्ही ओव्हरीही गेल्या, तर पाळी जायला लागणारी चार-पाच वर्षं एका दिवसात गोळा होतात. चाळिशीतल्या बाईच्या हाडांना आणि हृदयाला ते महागात पडतं. म्हणून टेबलावर जायच्या आधी विचारावं: दुखणं नेमकं काय? औषधाने किती दिवस बघता येईल? ओव्हरी ठेवणार की काढणार? आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं. त्यात पहिल्याचा अपमान नाही.

हे न विचारल्याने काय होतं ते बीडने दाखवलं. 2019मध्ये तिथल्या ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा 82 हजारांवर बायकांमध्ये 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पुढे एप्रिल 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितली. त्यात आमचा मध्य प्रदेशही आला.

बुऱ्हाणपूर जगाला माहीत आहे ते मुमताजमुळे. 1631च्या जूनमध्ये, चौदाव्या बाळंतपणात, 38व्या वर्षी ती इथे गेली. तापीपलीकडच्या आहूखान्यात तिला आधी पुरलं आणि मग आग्र्याला नेलं. बाईची गोष्ट बाळंतपणाशी संपते, हा समज काही मोगलांबरोबर गेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी मुलाखती घेते त्या 15 ते 49 या वयातल्या बायकांच्या. पन्नाशीचा केक कापला की बाई त्या मुलाखतींतून बाहेर. आत असतानाही फार बघितलं जातं असं नाही. 2019-21च्या फेरीत 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या 1.9 टक्के. स्तनांची तपासणी झालेल्या एक टक्कासुद्धा नव्हत्या. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या, त्याचा अहवाल 1989मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासून घेतलेल्या जेमतेम आठ टक्के.

तपासून फरक पडतो का? पडतो, आणि त्याचा जगाला पुरावा देणाऱ्या बायका आपल्याच आहेत. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999पासून 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार खेडवळ बायकांवर अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचा त्यात मोठा हात. आठ वर्षांनी दिसलं की ज्या गावांत एकदाच, आयुष्यात फक्त एकदा, एचपीव्ही या विषाणूची चाचणी देऊ केली होती, तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू निम्म्यावर आले होते. मुंबईत टाटा रुग्णालयाने वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं काम केलं. मॅमोग्राफी नाही, मोठं यंत्र नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासायच्या. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. 2021मध्ये हे छापून आलं तेव्हा आपल्या पेपरांनी त्याचं व्हायला हवं तेवढं कौतुक केलं नाही.

तिशीपुढच्या प्रत्येकीचं बीपी, शुगर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख बघणं हे आता आयुष्मान आरोग्य मंदिराचं कामच आहे. आशाताई दारात फॉर्म घेऊन आली, की आपण ‘मला काही होत नाही गं’ म्हणून सासूबाईंना पुढे करतो. सासूबाईंना जरूर करावं, पण मागून आपणही बसावं. पाळी जाईपर्यंत हृदयाला मिळणारं संरक्षण पुढे ओसरतं, आणि बीपी दुखत नाही.

हाडांचं मला गंमतशीर वाटतं. जुलै 2022मध्ये बुऱ्हाणपूर देशातला पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला, 254 गावांत नळ आला. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, मानेची सुटका झाली, फार चांगलं झालं. फक्त हाडांना थोडं वजन पेलायची सवय लागते, ती दुसरीकडून भरून काढावी लागेल. भरभर चालणं, जिना, खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठबस. पाळी गेल्यावर कॅल्शियम दिवसाला 1200 मिलिग्रॅम लागतं आणि ग्लासभर दुधात असतं साधारण 300. बाकीचं दही, तीळ, पालेभाजी यांतून. घरात दूध सगळ्यात शेवटी कुणाच्या वाट्याला येतं, ते सांगायला नकोच.

हसताना-खोकताना लघवीचे थेंब जाणं हेही बायका मैत्रिणीलासुद्धा सांगत नाहीत. लघवी अडवून धरताना जे स्नायू आवळतात तेच सहा-आठ सेकंद आवळायचे, सोडायचे, दहादा, दिवसातून तीन वेळा. तीन महिने नेटाने केलं तर बऱ्याच जणींना फरक पडतो. भाजी निवडतानाही जमतं, कुणाला कळत नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींच्या कॅलेंडरवर दीडेक वर्षापासून ठिपका नाही. मध्यंतरी त्यांच्याकडे चहाला गेले होते, तर एकादशीच्या चौकटीत लिहिलेलं, 146/92. त्याखाली पंधरा दिवसांनी 138/88. भाऊंचा केळीचा धंदा, त्यांच्या डोक्यात कायम भाव. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, ‘हा कसला गं आकडा लिहिलाय?’

‘माझा बीपी आहे,’ वहिनी म्हणाल्या, आणि चहा गाळता गाळता मला म्हणाल्या, पुढच्या बुधवारी तपासायला तूही चल.